ओपन इलेक्टिव्ह आणि जुने कागद: ग्रंथालय-पुराभिलेखागाराच्या आधारे आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम कसा रचावा?

इतिहासवाली

नमस्कार मंडळी.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्या महाविद्यालयात पुढच्या वर्षाच्या ओपन इलेक्टिव्हची यादी ठरतेय. कला शाखेने विज्ञान-वाणिज्यच्या मुलांना काहीतरी द्यायचं, त्यांनी आमच्या मुलांना. बैठकीत 'मुंबईचा इतिहास' हा विषय निघाला आणि चहा येईपर्यंत युनिटंही पाडून झाली: सात बेटं, बंदर, गिरण्या, स्वातंत्र्यलढा. एक युनिट मी शिकवायचं, एक भूगोलाच्या सरांनी, एक अर्थशास्त्राच्या मॅडमनी. मी तिथेच हरकत घेतली. अशा अभ्यासक्रमात मुलं तीन वह्या करतात, तिघे शिक्षक एकमेकांच्या तासाला फिरकत नाहीत, आणि परीक्षेत तीन प्रश्नांची तीन सुटी उत्तरं लिहिली जातात.

माझा आग्रह असा की आधी कागद ठरवावेत, विषयाचं नाव मागाहून. मुंबईतल्या ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत असा एखादा संच शोधावा, जो कुठल्याही एका विषयाच्या माणसाला एकट्याने नीट वाचताच येणार नाही. मग दुसऱ्या शाखेच्या माणसाला हाक मारावीच लागते, आणि ती गरज मुलांनाही दिसते.

माझ्या मनात १८९६ चा प्लेग आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९७ च्या सुरुवातीला साथरोग कायदा आला (२०२० मध्ये कोविडच्या वेळी बाहेर काढला तोच), मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली, आणि १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखणी ही त्याच ट्रस्टची कामं. म्हणजे वैद्यक, कायदा, नगररचना, कामगार, वृत्तपत्रं, लोकसंख्या हे सगळं एकाच घटनेच्या कागदांत गुंतलेलं आहे. प्लेग म्हटलं की आपल्या मुलांना पुण्यातला रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. मुंबईत काय घडलं हे त्यांच्या कानावरच आलेलं नसतं, आणि तीच मुलं रोज या रस्त्यांवरून कॉलेजला येतात.

साधनं तर हाताशी आहेत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचा हा दप्तरखाना १८२१ पासूनचा. तिथला एखादा खंड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर खातं, वर्ष आणि खंडाचा क्रमांक. आत एकेका प्रकरणाचे कागद एकत्र शिवलेले, त्याला तिथे 'कंपायलेशन' म्हणतात. सुरुवातीला आलेलं पत्र किंवा अर्ज, मागे कारकुनाने काढलेला गोषवारा, समासात वेगवेगळ्या हातांचे शेरे, मग उत्तराचा मसुदा, त्यात खोडलेली वाक्यं आणि शेवटी गेलेलं उत्तर. सरकारने काय म्हटलं ते छापील अहवालात मिळतं, पण म्हणायच्या आधी काय खोडलं ते फक्त इथे दिसतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की 'इतिहासाचं पुस्तक कसं तयार होतं' यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

तिथून चालत गेलं की टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, राजाबाई टॉवरपाशी विद्यापीठाचं ग्रंथालय, आणि ट्रेनने दादरला उतरलं की मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. त्याची स्थापना १८९८ ची, म्हणजे ऐन प्लेगच्या वर्षांतली.

अडचणी मला तीन दिसतात. साठ मुलं घेऊन पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात जाता येत नाही. ग्रंथपालांना यात कसं आणि केव्हा सामील करून घ्यायचं हे आमच्याकडे कुणी कधी ठरवलेलं नाही. आणि मूल्यमापन: दोन क्रेडिट, पन्नास गुण, त्यात अशा कामाचे गुण कसे द्यायचे? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दाखलांक

इतिहासवाली मॅडम, मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते.

ग्रंथपालाला केव्हा बोलवायचं? मसुद्याचा पहिला कागद टेबलावर येतो तेव्हा. आमच्याकडे अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम येतो, त्याच्या तळाला संदर्भग्रंथांची यादी असते, आणि ती बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या अभ्यासक्रमातून उचललेली असते. त्यातली निम्मी पुस्तकं आमच्या कपाटात नसतात. उरलेल्यातलं एखादं संदर्भ विभागातलं, घरी न देण्याचं. मग सत्राच्या मध्यावर सगळा वर्ग एकाच दिवशी तेच पुस्तक मागायला काउंटरवर येतो. तुम्ही म्हणता तसं कागद आधी ठरवायचे असतील तर काय आहे, कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि मुलांच्या हातात देता येईल का, हे चार प्रश्न ग्रंथपालाशिवाय सुटणार नाहीत. त्यामुळे ग्रंथपालाचं नाव अभ्यासक्रमावर शिकवणाऱ्यांच्या ओळीत यायला हवं. आभाराच्या ओळीत आलेलं मला चालणार नाही, हे स्पष्टच सांगते.

साठ मुलांचा प्रश्न असा सोडवता येईल. संच दोन भागांत करा. पहिला भाग छापील आणि जुना, ज्याच्या प्रती काढता येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आणि सरकारी प्रकाशनाला प्रकाशनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. प्लेग समितीचा अहवाल, पालिका आयुक्तांचा अहवाल, जनगणनेचे खंड, १९०९-१० मध्ये निघालेलं मुंबई शहराचं तीन खंडी गॅझेटियर हे सगळं त्यातून मोकळं झालेलं आहे. एशियाटिकच्या 'ग्रंथसंजीवनी' संकेतस्थळावर, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर आणि इंटरनेट आर्काइव्हवर आधी शोधा. जे मिळेल त्यातून वर्गासाठी पंचवीस-तीस पानांचा छापील संच करा. संपूर्ण पीडीएफची लिंक देऊन सोडू नका, मुलं फोनवर सहाशे पानं वाचत नाहीत.

दुसरा भाग हस्तलिखित, तो फक्त पुराभिलेखागारात जाऊन पाहायचा. तिथे आठ-दहा मुलांची तुकडी, आधी लेखी पत्र, आधी क्रमांक कळवलेले. मागणी चिठ्ठी भरून खंड यायला वेळ लागतो, म्हणून कोणते खंड हवेत ते तुम्ही आधी एकट्याने जाऊन पाहून ठेवायला हवं. फोटो काढता येतील का, किती, त्याचं शुल्क काय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय कुणी फोन बाहेर काढू नये.

आणि हाताळणी हा पहिल्या तासाचा विषय करा. पेन नाही, फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे केलेले. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. खंड दोन्ही बाजूंनी आधार देऊन उघडायचा, पूर्ण सपाट दाबायचा नाही. त्या काळातला यांत्रिक लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, कोपरा दुमडला की तुटून हातात येतो. रसायनशास्त्राचे शिक्षक तुमच्याबरोबर असतील तर कागद पिवळा का पडतो यावर त्यांना अर्धा तास द्या. विज्ञानाची मुलं तिथून आत येतील.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो. हा संच माझ्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. का ते एका उदाहरणाने सांगतो.

जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १८९१ साली ८,२१,७६४ आहे आणि १९०१ साली ७,७६,००६. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, प्लेगने किती माणसं मेली? जवळजवळ सगळा वर्ग वजाबाकी करून पंचेचाळीस हजार सांगेल. मग एकेक प्रश्न टाकत जा. दहा वर्षांत जन्म झाले नाहीत का? कोकणातून आणि घाटावरून लोक आले नाहीत का? १९०१ ची जनगणना १ मार्चला झाली, आणि मुंबईत प्लेगचा जोर साधारण हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत असायचा, म्हणजे त्या दिवशी किती लोक गावी पळालेले असतील? १९०६ मध्ये पालिकेने वेगळी शिरगणती केली, तेव्हा आकडा ९,७७,८२२ आला. पाच वर्षांत दोन लाखांनी वाढ जन्मांमुळे होत नाही. म्हणजे १९०१ च्या आकड्यात मृत्यू आणि स्थलांतर एकमेकांत मिसळलेले आहेत आणि ते वेगळे करायला दुसरी साधनं लागतात.

इथे मॅडम, तुमची गरज लागते. पालिकेच्या नोंदीत दर आठवड्याचे मृत्यू कारणानुसार आहेत. पण प्लेग सांगितला तर माणसाला इस्पितळात नेतील, घर धुतील, सामान जाळतील, ही भीती होती, म्हणून लोक 'ताप' एवढंच सांगायचे. माझा विद्यार्थी म्हणेल, ज्या आठवड्यात 'तापा'चे मृत्यू आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा एकदम वर जातात तिथे प्लेग लपलेला असू शकतो. कोविडमध्ये अतिरिक्त मृत्यू काढले ते याच पद्धतीने. लोकांनी लपवलं का आणि कुणापासून, हे मात्र अर्जांत आणि वर्तमानपत्रांतच सापडेल. एकाच तासाला आपण दोघे वर्गात उभे असलो तरच हे शिकवता येईल, हे मला पटलेलं आहे.

एक सूचना: आकडे मुलांनीच मूळ तक्त्यातून उतरवून एक्सेलमध्ये भरावेत. तयार फाइल देऊ नका. उतरवताना एखादा आकडा पुसट निघतो, बेरीज जुळत नाही, वॉर्डांच्या हद्दी बदललेल्या असतात, आणि तिथेच मुलं विचार करायला लागतात.

परळकर

सगळं वाचलं. कल्पना चांगली आहे, पण मी विभागप्रमुख म्हणून काम केलंय, तेव्हा काही गोष्टी मांडतो.

दोन शिक्षक एका वर्गात, म्हणजे वर्कलोड कुणाच्या नावावर? आमच्याकडे एका संस्थेत असाच प्रयोग झाला होता. दोन्ही विभागांनी तास आपापल्या तक्त्यात दाखवले, तपासणीत एकाचे कापले गेले, आणि पुढच्या वर्षी तो शिक्षक त्या वर्गाकडे फिरकला नाही. त्यात चूक त्याची नव्हती. म्हणून मंजुरीआधीच प्राचार्यांकडून लेखी घ्या.

दुसरं, आमची मुलं विरार, कल्याण, पनवेलहून येतात. सकाळचं कॉलेज, दुपारी कुठेतरी अर्धवेळ नोकरी. पुराभिलेखागार कार्यालयीन वेळेतच उघडं असतं. ज्याला दुपारी कामावर जायचंय त्याने फोर्टात कधी जायचं? अशा मुलाचे गुण कमी होणार असतील तर माझा विरोध आहे.

आणि मुलं विचारतात, याचा नोकरीला काय उपयोग? त्यांना उत्तर द्यावं लागतं.

इतिहासवाली

परळकर सर, वर्कलोडचं लेखी घेण्याचं लगेच मनावर घेते.

भेटीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून भेट गुणांशी बांधायची नाही असं ठरवते. गुण वर्गातल्या संचावर केलेल्या कामाला. पुराभिलेखागारातली भेट वेळापत्रकातल्या तासांतच, तुकडीने, आणि ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी तेच काम वर्गातल्या प्रतींवर. शिवाय कल्याणच्या मुलाला कल्याणचं, वसईच्या मुलाला वसईचं साधन शोधायला मोकळीक असावी. सार्वजनिक वाचनालयं कमी नाहीत, आणि जुनी मासिकं, स्मरणिका, नगरपालिकेचे अहवाल तिथे असतात.

नोकरीबद्दल एवढंच म्हणते की चार स्रोत समोर ठेवून कुठला कशासाठी विश्वासार्ह आहे ते ठरवणं आणि ते एका पानात लिहिणं, याला वकिलीत, पत्रकारितेत, बँकेत, सगळीकडे मागणी आहे. चॅटजीपीटीला विचारून प्लेगवर दोन पानं कुणीही आणेल. समासातला शेरा वाचून तो कुणी, कधी आणि का लिहिला असेल हे सांगणं त्याला स्वतःलाच करावं लागेल.

सूक्ष्मजीव

आकडेमोड सरांना अनुमोदन. जीवशास्त्राकडून थोडी भर.

तारखा शेजारी ठेवून पाहा. जिवाणूचा शोध येर्सिनने हाँगकाँगला १८९४ मध्ये लावला. मुंबईत साथ १८९६ मध्ये. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पिसवेमार्फत रोग पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं, आणि ते सर्वमान्य व्हायला परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेले प्रयोग लागले. आता प्लेग समितीचा अहवाल वाचा. गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक या जंतुनाशकाने धुतली, घरांची कौलं काढून ऊन आत घेतलं, भिंतींना चुना मारला. हे सगळं करणाऱ्या डॉक्टरांना पिसू माहीत नव्हती. मुलांना विचारा: त्यांना जेवढं ठाऊक होतं त्यावरून हे उपाय तर्काला धरून होते का? आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरून त्यातला कोणता उपयोगी ठरला असेल आणि कोणत्या उपायाने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात गेले असतील?

या प्रश्नाने विज्ञानाची मुलं इतिहास शिकतात, कारण त्यांना कळतं की ज्ञान टप्प्याटप्प्याने येतं आणि निर्णय त्याची वाट पाहत नाहीत. परळचं हाफकिन संस्थेचं आवारही यात घ्या. पूर्वीचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे गव्हर्नरचं निवासस्थान, १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. इमारत हाही दस्तऐवजच आहे.

लालबागचा

सगळे प्लेगवर बोलताय, पण मला वाटतं १९८२ चा गिरणी संप घ्यावा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. माझे आजोबा त्यात होते. घरात त्यांचं गिरणीचं तिकीट आहे, युनियनची पावती आहे. मुलांच्या घरातच पुराभिलेखागार आहे असं समजा. मराठी मुलांना हा विषय जास्त जवळचा नाही का?

दाखलांक

लालबागचा, जवळचा आहे हे अगदी खरं. मलाही तो विषय कधीतरी व्हावासा वाटतो.

पण पहिल्या फेरीला नको. त्यातली माणसं आपल्यात आहेत. मुलगा रेकॉर्डर घेऊन आजोबांसमोर बसला आणि आजोबा कर्जाबद्दल, मुलाच्या सुटलेल्या शिक्षणाबद्दल बोलले, तर ते रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, कुणाला ऐकू द्यायचं, उद्या आजोबा 'काढून टाका' म्हणाले तर काय? लेखी संमतीचा फॉर्म लागतो, आणि तो समजावून सांगायचं प्रशिक्षण शिक्षकांना आधी हवं. संमतीशिवाय घेतलेल्या मुलाखती ग्रंथालयात दाखल करून घ्यायला मी नकार देईन. त्या वस्तूंचं मात्र आजच करा. तिकीट आणि पावती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, कागदी पाकिटात ठेवा, आणि आजोबांनी सांगितलेलं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.

लालबागचा

धन्यवाद ताई. लॅमिनेट करायला उद्या देणारच होतो. थांबवतो.

शिवडी लोकल

मी मध्यंतरी पदवी पूर्ण केली. आमच्या एका सरांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवर छोटा प्रकल्प दिला होता, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते.

आमच्या गटाला ट्रस्टच्या एका योजनेचा नकाशा दिला होता. त्यावर जुन्या गल्ल्या एका रंगात आणि नवा रस्ता सरळ त्यांच्यावरून ओढलेला. आम्ही तो घेऊन त्या जागी गेलो. रस्त्याच्या तोंडाशी इमारती एका उंचीच्या, सज्जे एका रेषेत. आणि मागच्या बाजूला वळलं की जुनी गल्ली तशीच वाकडी, नकाशात आहे तिथेच. आमच्यात एक मुलगी वाणिज्यची होती. तिने विचारलं, ज्यांची घरं पाडली त्यांना पैसे मिळाले की घर? त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही ट्रस्टचे वार्षिक अहवाल काढले, तेव्हा कळलं की भरपाई घरमालकाला मिळायची, भाडेकरूसाठी चाळी बांधायच्या होत्या आणि पाडणं व बांधणं यांची गती सारखी नव्हती. ट्रस्टच्या त्या चाळी म्हणजेच बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण 'बीआयटी' ही अक्षरं प्लेगपर्यंत जातात हे तेव्हा समजलं.

एकच विनंती. सरांनी आम्हाला प्रश्न दिला नव्हता, नकाशा दिला होता. तुम्हीही तसंच करा.

मोडीवाचक

मोडीचं काय करणार? मुंबईच्या सचिवालयाच्या कागदांत इंग्रजी जास्त, पण सोबत जोडलेले मूळ अर्ज कधी मोडीत, कधी गुजरातीत असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मुलांना पूर्ण मोडी शिकवायला वेळ नाही हे मान्य, पण एक तास तरी द्या. एकच ओळ, 'श्री' आणि तारीख ओळखता आली तरी पुरे. आणि गुजराती अर्ज आला तर वर्गातल्या गुजराती मुलाला पुढे बोलवा, त्याच्या आजीला फोन लावू द्या. मुंबईच्या वर्गात चार-पाच भाषा बसलेल्या असतात, आणि एरवी त्या अभ्यासक्रमात कुठेच उपयोगी पडत नाहीत.

वर्तमानपत्रांचाही विचार व्हावा. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतंय याचे इंग्रजी गोषवारे सरकार दर आठवड्याला तयार करून घेत असे. ते गोषवारे आणि मूळ मराठी अंक समोरासमोर ठेवले की सरकारच्या कानावर काय गेलं आणि काय गेलं नाही हे दिसतं. मराठी विभाग यात येऊ शकतो.

सूक्ष्मजीव

एक काळजीची गोष्ट राहिली. प्लेगच्या काळात काढलेले फोटो ऑनलाइन मिळतात. इस्पितळातल्या खाटांवरचे रुग्ण, तपासणीसाठी रांगेत उभ्या केलेल्या बायका. ही छायाचित्रं सरकारने आपलं काम दाखवायला काढवून घेतली होती, त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. मुलं ती लगेच पीपीटीवर पूर्ण पडदाभर लावतील. कुठला फोटो लावायचा आणि का, यावर आधी चर्चा व्हावी. अहवालांतली जातींबद्दलची, वस्त्यांबद्दलची भाषाही अशीच बोचरी आहे. वर्गात त्या वस्त्यांतली मुलं बसलेली असतील. ती भाषा लपवू नये, पण शिक्षक तिथे हजर असावा आणि त्याने ती कुणाची आहे हे स्पष्ट सांगावं.

इतिहासवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. इथल्या सूचना घेऊन मसुदा असा वळवतेय.

पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तास. पहिले दोन आठवडे ग्रंथपालांचे: हाताळणी, तालिका (कॅटलॉग) कशी वाचायची, आणि आपल्या शब्दांत शोधलं तर काही का सापडत नाही. जुन्या तालिकेत मुलं शोधतील ते शब्द नसतात, तेव्हा त्या काळचं प्रशासन गोष्टींना काय म्हणायचं ते आधी शिकावं लागतं. त्यानंतर शिवडी लोकलने म्हटल्याप्रमाणे प्रत्येक गटाला एक कागद. एकाला जनगणनेचा तक्ता, एकाला ट्रस्टचा नकाशा, एकाला आर्थर रोड रुग्णालयाबद्दलची बातमी. २९ ऑक्टोबर १८९६ ला त्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच, जिथे २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण दाखल झाले. एका गटाला नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारा हा माणूस प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेला, आणि कामगार चळवळीच्या धड्यात हे एका ओळीत संपतं. त्या ओळीमागचे कागद मुलांनी शोधावेत असं मला फार वाटतं.

मधले आठवडे गट एकमेकांकडे जातील. तक्त्याचा गट बातमीच्या गटाला विचारेल की त्या आठवड्यात मृत्यू का वाढले. बातमीचा गट नकाशाच्या गटाला विचारेल की ती वस्ती नेमकी कुठे होती. दुसऱ्या गटाच्या साधनाशिवाय आपला प्रश्न सुटत नाही अशी रचना शिक्षकांनी संच निवडतानाच करून ठेवायची. माझ्या मते या अभ्यासक्रमाचं सगळं कष्टाचं काम इथेच आहे, आणि ते शिकवणाऱ्या आम्हा दोघा शिक्षकांना आणि ग्रंथपालांना उन्हाळ्याच्या सुट्टीत करावं लागेल.

पन्नास गुणांपैकी मोठा वाटा एका नोंदपत्राला: कागद कुणी केला, केव्हा, कुणासाठी, त्यात काय आहे, काय असायला हवं होतं पण नाही, आणि आता कुठलं दुसरं साधन पाहावं लागेल. दोन पानं, हाताने लिहिलेली, आणि त्यावर पाच मिनिटं तोंडी. चांगली नोंदपत्रं आमच्या ग्रंथालयात दाखल करून घ्यायची, दाखलांकासकट (ग्रंथालयाच्या नोंदवहीतल्या क्रमांकासकट), म्हणजे पुढच्या वर्षीची मुलं तिथून पुढे जातील.

दाखलांक

नोंदपत्रांना दाखलांक देणार असाल तर नमुना आधी माझ्याकडे पाठवा. शीर्षक, कर्ता, मूळ कागदाचा पूर्ण संदर्भ (खातं, वर्ष, खंड, कंपायलेशन), विद्यार्थ्याचं नाव द्यायचं की नाही याची त्याची परवानगी, एवढे रकाने ठरले की तालिकेत घालता येतील. मराठीत लिहिलेली नोंदपत्रंही तशीच घेऊ, भाषेचा रकाना असतोच.

परळकर

विद्यार्थ्याच्या परवानगीचा रकाना ठेवला हे बरं केलंत. मॅडम, मसुदा झाला की अभ्यास मंडळात मांडण्याआधी मलाही पाठवा. परीक्षा विभागाला तोंडी परीक्षेचं वेळापत्रक आधी द्यावं लागतं, नाहीतर शेवटच्या आठवड्यात साठ मुलांची पाच-पाच मिनिटं म्हणजे पाच तास कुठून काढायचे हा प्रश्न येईल. मी असतो तर दर आठवड्याला सहा-सात मुलं, पाचव्या आठवड्यापासून.

इतिहासवाली

पाचव्या आठवड्यापासून घेऊ. त्यामुळे नोंदपत्राचा पहिला खर्डा चौथ्या आठवड्यात यायला हवा, तसा बदल करते. आकडेमोड सर, जनगणनेच्या कोणत्या तक्त्यांपासून सुरुवात करायची ते या आठवड्यात कळवाल का? ती पानं संचात पहिली घालते.